दादाच्या गळ्यातली डबी

४ मार्च, मंगळवार
बाटली! हृदयाच्या रोग्याला कोणी गोळ्या बाटलीत देतं का? बोटभर काचेची, तपकिरी, आणि झाकण इतकं घट्ट की दादाच्या थरथरत्या बोटांनी उघडेपर्यंत सगळं आटोपायचं. डॉक्टरांनी बजावलंय – छातीत दुखलं की गोळी जिभेखाली, लगेच. लगेच म्हणजे लगेच! वजनकाटे दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नव्हतं. याचंही मीच बघतो.

६ मार्च, गुरुवार
डबी झाली. पारदर्शक प्लास्टिक, आत कापसाची गादी, अंगठ्यानं ढकललं की उघडते. गळ्यात अडकवायला दोरी. गोळ्या तिच्यात भरल्या, बाटली फेकून दिली.
बायको म्हणे, "अहो, बाटलीत दिल्यात तर काही कारण असेल की."
म्हटलं, कारण एकच – कारखानदाराचा आळस!
दादा डबी घालून आरशासमोर. "धाकट्यानं मेडल दिलं रे मला!"

१४ मार्च, शुक्रवार
दुकानात चित्त नाही. काटा शून्यावर आणतो, पुन्हा हलतो. मध्येच घरी जाऊन आलो. दादा पेपरमागून ओरडला, "जिवंत आहे! जा!"

१९ मार्च, बुधवार
जिन्यावर दादाला दुखलं. गोळी घेतली. मी समोरच. "चुरचुरलं का जिभेला?" – बाटलीतली पहिली घेतली तेव्हा चुरचुरली होती, डोकंही ठणकलं होतं.
"झकास!"
मग बराच वेळ पायरीवरच बसून राहिला. वय झालं, दुसरं काय.

२ एप्रिल, बुधवार
पुन्हा दुखलं. पुन्हा "झकास". ओठ मात्र पांढरे. हे काही बरोबर नाही.

७ एप्रिल, सोमवार
सकाळी चहा पिता पिता दादा खुर्चीतून घसरला. एक गोळी दिली. दुसरी दिली. दुखणं हटेना! बायकोनं फोन केला. रुग्णवाहिकेतल्या बाईंनी ॲस्पिरिन चघळायला लावली, जिभेखाली कसलासा फवारा मारला – कपाळावरची आठी जरा सैल झाली. मग त्यांचं लक्ष डबीकडे गेलं.
"या गोळ्या बाटलीतून कोणी काढल्या?"
मी.
"काका, यातलं औषध उडून जातं. प्लास्टिक आणि कापूस ते पिऊन टाकतात. म्हणून तर काच."
ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.

८ एप्रिल, मंगळवार
हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. दादा अजून आतच, मी बाहेर बाकावर. बायको चहा आणून ठेवते, बिस्किटं पुढे सरकवते. चिडली असती तर भांडता तरी आलं असतं!

१२ एप्रिल, शनिवार
दादा घरी. नवी बाटली उशाशी, दिली तश्शी. त्याचा हात गळ्याकडे गेला – "माझी डबी?"
म्हटलं, टाकली. त्यातल्या गोळ्यांत काही उरलं नव्हतं, दादा.
"जिन्यावरच कळलं होतं. चुरचुरलंच नाही."
अरे, मग बोलला का नाहीस!
"इतक्या हौसेनं केली होतीस रे."