बाबांनी दार उतरवलंय

सोन्या,

घर बघायला माणसं येणार आहेत, हे सकाळी तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी लगेच पेटीतून अवजारं काढली आणि पुढचं दार उतरवून अंगणात आडवं घातलं. "खाली घासतंय, रंधा मारायला हवा," म्हणाले. मी म्हटलं, "आजच?" तर म्हणाले, "सुताराच्या घरचं दार घासतंय, लोक काय म्हणतील?" गेल्या खेपेला जिन्याच्या पायऱ्या काढून बसले होते, तसंच हे.

रागावू नकोस रे. तुझंही खोटं नाही. वरच्या खोलीला ओल, तू लांब, आम्ही दोघं थकलेले. अवेळी फोन वाजला की तू आधी "बाबा बरे आहेत ना?" विचारतोस, ते मला कळतं. पण चहाचा कप धरताना त्यांचा हात थरथरतो, तोच हात रंध्यावर कसा स्थिर असतो, ते एकदा बघ.

तू आज येतोयस म्हणून दोघांचं जेवण झाकून ठेवलंय. आधी त्यांना वाढ, तूही जेव, मग काय बोलायचं ते बोला. उपाशीपोटी तुम्ही दोघंही कुणाचं ऐकत नाही.

मी मावशीकडे जातेय. घर माझ्या नावावर, म्हणजे सही माझीच लागणार. त्यांनी विचारलं की मी "नको विकूया" म्हणते, तू विचारलंस की "विकूया" म्हणते, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून म्हणते. आज तुम्ही दोघं एकदमच विचाराल.

आई