सहा कार्डं आणि काकांची खोली

दापोडी, पुणे १२
१० ऑगस्ट २०२५

ती. रंगराव काकांस,
दिपालीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायला लागले की शेजारच्या खोलीत आमचा सगळा संसार कळतो. शिवाय तक्रार तुमच्या पुतण्याचीच आहे, ती त्यांच्यासमोर कशी करणार?

रावेतच्या फ्लॅटचं तुम्हाला सांगितलं होतं. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे आणि पूर्वेच्या खिडकीची एक खोली खास तुमची आहे. काकू गेल्यापासून तुम्ही तिकडे एकटे, म्हणून तर हा सगळा खटाटोप. बिल्डरने दसऱ्यापर्यंत फ्लॅट थांबवून ठेवलाय. आम्ही हौसेने कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरवर यांचं नाव टाकलं आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, की तुम्ही कंपनीत काम करता की क्रेडिट कार्डं जमवता? काका, यांच्या नावावर सहा कार्डं निघाली! मला दोनच माहीत होती.

झालंय असं, की चाकणला यांच्या कंपनीच्या कँटीनबाहेर कार्डं विकणारी मुलं-मुली टेबल मांडून बसतात. जेवून हे बाहेर आले की कुणीतरी म्हणतं, सर, या महिन्याचं टार्गेट राहिलंय. हे गाव विचारतात. गाव बार्शी नाहीतर परांडा निघतं, की झाली यांची सही. पोरं ओटीपी घेऊन जागेवरच कार्ड चालू करून देतात. वापरतात एकच, किराण्याला, आणि त्याचं बिल वेळेवर भरतात, तेवढं खरं. बाकीची कपाटात साड्यांच्या खाली. त्यातल्याच एकाची वार्षिक फी थकली, यांना पत्ताही नाही, आणि नावापुढे ठपका बसला.

साहेब म्हणाले, थकलेलं भरा, एक कार्ड ठेवा, पाच बंद करून तशी पत्रं आणा, मग बघू. याला तीन आठवडे झाले. आतापर्यंत एक बंद झालंय. विचारलं तर म्हणतात, त्या पोरांना काय वाटेल. तुम्ही एक खरमरीत पत्र लिहा. ते जगात तुम्हालाच काय ते भितात, मला तर अजिबात नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. उत्तराची आणि तुमच्या मायेची वाट बघते आहे.

तुमची सून,
दिपाली


जेऊर, ता. करमाळा
१९ ऑगस्ट २०२५

चि. नवनाथ यास,
रंगराव काकाचे अनेक आशीर्वाद.

सूनबाईंचं पत्र मिळालं. वाचून आधी हसलो, मग कपाळाला हात लावला.

माणसाला कार्डं किती असावीत, हे मी इथल्या पतसंस्थेतल्या ओंकारला मुद्दाम जाऊन विचारलं. तो म्हणाला, एक रोजचं, दुसरं अडीनडीला, तेही बिलाची तारीख लक्षात राहत असेल तर. मी त्याला विचारलं, आणि माणूस भिडस्त असेल तर? तो म्हणाला, मग एकसुद्धा जपून. पोरगा हुशार आहे. तुझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, हेही लक्षात घे.

नवनाथ, तू चाळिशीला आलास. लहानपणी शाळेच्या सहलीची वर्गणी दोनदा भरून आला होतास, कारण वसूल करणारे मास्तर दोनदा आले. तेव्हा मी कौतुक केलं, ते चुकलंच. आता नाही म्हणायला शिक. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उरलेली चारही कार्डं बंद कर आणि मला कळव.

दुसरी गोष्ट. माझ्यासाठी म्हणून मोठा फ्लॅट घेऊ नका. त्याच इमारतीत एका बेडरूमचेही आहेत, असं तूच मागे लिहिलं होतंस. तो घ्या. मला ऐकू येत नाही. दारावरची बेल कळत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. असल्या माणसाच्या खोलीसाठी तुम्ही वीस वर्षं जादा हप्ता का भरायचा? मी इथे बरा आहे. हे माझं ठरलेलं आहे, यावर वाद नको.

सूनबाईंना आशीर्वाद. रागावलो तरी जीव तुमच्यातच असतो, हे विसरू नका.

तुझा,
काका


दापोडी
४ सप्टेंबर २०२५

ती. काकांच्या चरणी,
नवनाथचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि मोशी येईपर्यंत खाली मान घालून बसलो. शेजारच्या ज्योतीरामला वाटलं, घरी कुणी गेलं की काय. त्याला सांगितलं, काकांनी झाडलंय. तो म्हणाला, राव, मग नशीबवान आहेस.

हुकमाप्रमाणे आणखी तीन बंद केली. थकलेली फीही भरली. किराण्याचं ठेवायचं, म्हणजे बंद करायचं एकच राहिलं, विजयश्रीचं. ही मुलगी बार्शीची. दिवसभर टेबलामागे उभी असते. लोक तिला टाळायला बंद फोन कानाला लावून जातात. दिवाळीला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, आणि वर्षाच्या आत कार्ड बंद झालं तर ते तिच्या आकड्यातून वजा होतं, असं तिनेच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. माझ्या हातून ते होत नाही, काका.

तुम्ही म्हणता, नाही म्हटल्याने अपमान होत नाही. पण मी तो होताना बघितलाय. तुम्ही याच दापोडीत पोस्टाच्या बचतीचे एजंट होता आणि सुट्टीत मला बरोबर न्यायचा. रेल्वे लाईनीजवळच्या चाळीत वरच्या मजल्यावर एका गृहस्थाने पेपरातून मान वर न करताच पुढे जा म्हटलं होतं, भिकाऱ्याला म्हणतात तसं. तुम्ही जिन्यात खाली बसून माझ्या बुटाची नाडी बांधायला लागलात. नाडी सुटलेली नव्हती. बराच वेळ तुम्ही मान वर केली नाहीत. मग शेवटच्या खोलीतल्या विमलबाईंनी पाणी दिलं आणि खातं उघडलं, तेव्हा तुमचा चेहरा बदलला. माझं शिक्षण, माझी नोकरी, सगळं तुम्ही असं दारोदार उभं राहून केलंत. आता टेबलामागे कुणी उभं दिसलं की मला तिथे तुम्हीच दिसता. मग मी सही करतो. वेडेपणा आहे, पण त्याचा मला पस्तावा होत नाही.

आणि खोलीचं म्हणाल तर, तुमच्याशिवाय मला ते घर नको. बेल कळली नाही तर आम्ही आत येऊन हात धरू. पुन्हा एकदा विचारतो, याल का?

आजवर दिलंत तेवढंच प्रेम पुढेही द्या, याहून जास्त काही मागत नाही.

तुमचा,
नवनाथ


दापोडी
२३ सप्टेंबर २०२५

ती. काकांस,
दिपालीचा सा. न. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहिते. यांच्या पत्रात काय होतं ते मला माहीत नाही. पोस्टात टाकून आले तेव्हा डोळे लाल होते, म्हणून विचारलं नाही.

इकडची बातमी गोड आहे. विजयश्रीचं काही सुटेना, तेव्हा मीच म्हटलं, तिला रविवारी जेवायला बोलवा, मी विचारते. भांडायच्या तयारीनेच बसले होते. ती आली, आमटी दोनदा मागून घेतली आणि सगळं ऐकून हसायलाच लागली. म्हणाली, वहिनी, सरांचं एक कार्ड गेल्याने माझी नोकरी जात नसते, मी उद्या दुसरं आणीन, घर अडलंय तर आधी का नाही सांगितलं? मग हात धुऊन स्वतःच फोन लावून बसली. कुठलं बटण दाबलं की खरा माणूस बोलतो, ते तिला पाठ. तासभर झगडून कार्ड बंद करून घेतलं. जाताना म्हणाली, कँटीनमध्ये मला गाव विचारणारे हे एकटेच सर आहेत, कार्ड नसलं तरी विचारत जा म्हणावं. काका, मी तिला इतके दिवस मनातल्या मनात काय काय बोलले होते! तिची ओटी भरली तेव्हा मलाच रडू आलं.

बंद केल्याची पत्रं दाखवली आणि बँकेने कर्ज मंजूर केलं. देवाची आणि त्या पोरीची कृपा. पण यांनी अजून सही केलेली नाही. काकांचं हो आल्याशिवाय करणार नाही म्हणतात. छोटा घेऊ म्हटलं तर जेवणावरून उठले. दसरा दोन तारखेला आहे. त्यानंतर बिल्डर थांबणार नाही. रागावून का होईना, चार ओळी लगेच लिहा.

तुमची माया मागायची सवय लागली आहे, ती मोडू नका.

तुमची,
दिपाली


जेऊर
२६ सप्टेंबर २०२५
(स्पीड पोस्टाने)

चि. नवनाथ आणि चि. सौ. दिपाली यांस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा कागद बाजूला ठेवला. त्या जिन्यात तू काही बघितलंस, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, पोराला नाडीचंच वाटलं असेल.

पण बाळा, तू अर्धंच बघितलंस. तुला आठवतात विमलबाई, ज्यांनी खातं उघडलं. मला आठवतात पिठाच्या गिरणीवाले कोंडाजी. त्यांनी कधीच काही घेतलं नाही. दर महिन्याला स्पष्ट नाही म्हणायचे आणि दर महिन्याला पीठ झटकून स्टूल पुढे करायचे, चहा मागवायचे. तुझ्या परीक्षेची चौकशी करायचे. खाती उघडणाऱ्यांनी मला कमिशन दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण पाय दुखत असताना पुढचा जिना मी चढलो, तो त्या नाही म्हणणाऱ्या माणसाच्या चहावर. तेव्हा एकच कार्ड ठेव, आणि त्या पोरांना गाव विचारणं सोडू नकोस. विजयश्रीला माझा आशीर्वाद सांगा. माझ्या धंद्यातली पोरगी आहे, कायम होईल.

आता माझं. गेल्या वर्षभरात तुम्ही मला किती वेळा या म्हणालात आणि मी प्रत्येक वेळी ठरलंय, वाद नको, असं लिहून मोकळा झालो. ओझं होईन, ही भीती होती. दुसरं काही नव्हतं. दारोदार जाऊन मागायची सवय होती, कुणी आपल्या दारात येऊन आपल्यालाच मागेल याची नव्हती. तुमचं पत्र आल्यापासून रोज रात्री देवापुढे बसतो आणि काय मागावं ते सुचत नाही, एवढं तुम्ही दिलंत.

मोठ्या फ्लॅटवर सही करा. घराची किल्ली शेजारच्या मालोजीकडे देतोय, शेत तोच बघेल. ताबा मिळेपर्यंत मी दापोडीलाच तुमच्या खोलीत पथारी टाकीन. सीमोल्लंघन म्हणून दसऱ्याच्या सकाळच्या गाडीत बसतो, दुपारी वल्लभनगरच्या स्टँडवर घ्यायला या. हाका मारू नका, ऐकू येणार नाही, सरळ जवळ येऊन हात धरा.

लोभ आता टपालाने नको, समोर बसूनच असू द्या.

तुमच्याकडे राहायला येणारा,
काका