सेटअपचा शब्द

बाबा, त्या सेटअपला तुम्ही कोणता शब्द घातला होता, ते मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं झाली, आता त्या शब्दाचं काही कामही उरलेलं नाही, तरी मधूनच आठवण येते आणि तुम्हाला विचारावंसं वाटतं.

बर्डीवरचा आपला कॉम्प्युटरचा क्लास आठवतो. जिन्यात पोरापोरींच्या चपलांचा ढीग, खिडकीत खसचा कूलर आणि आत एकुलता एक कॉम्प्युटर, आईनं शिवलेल्या फुलाफुलांच्या झग्याखाली झाकलेला. कचेरीतली कारकुनी सोडून तुम्ही तो आणला होता, त्यामुळे त्याचे लाड आमच्यापेक्षा जास्त. चपला काढल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू द्यायचा नाहीत, धुळीनं मशीन बिघडतं म्हणून. कूलरच्या ओलीनं बिघडत नाही का, हे मात्र तुम्हाला विचारायची सोय नव्हती. मशीन सुरू होता होता डिलीटचं बटण दाबलं की सेटअप उघडायचा. तारीख, वेळ, हार्ड डिस्क कोणती, हे सगळं तिथं भरायचं. एक दिवस तुम्ही मला खुर्चीवर बसवता. मी भराभर बटणं दाबत सुटते आणि तुम्ही माझं मनगट धरता. "घाई काहून करून राहिली वं? मशीन कुठं पळून चाललं का? आधी वाच, मंग बोट ठेव." सगळ्या पोरांसमोर. मी दिवसभर रुसून बसते आणि संध्याकाळी तुम्ही मला उसाचा रस पाजायला नेता.

पुढे कुणा उपद्व्यापी पोरानं सेटअपमध्ये शिरून सगळा घोळ घातला, तेव्हा तुम्ही तिथं पासवर्ड लावला. मी म्हटलं, "मले तरी सांगून ठेवा ना बाबा." तुम्ही हसलात. "तुले कायले पाहिजे? मी आहो ना."

त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. पाठोपाठ हार्ड डिस्कही गेली. नवी बसवली, पण ती कोणती हे सेटअपमध्ये भरल्याशिवाय मशीन चालेना, आणि सेटअप शब्द मागत होता. क्लास उघडायचा तर आत जाणं भागच होतं. मी आईचं नाव घालून पाहिलं, आजीचं, आपल्या गल्लीचं. माझं नाव शेवटी ठेवलं होतं. ते घातलं आणि एंटर दाबायचा धीर होईना. दाबलं. नाही उघडलं. बाबा, तेव्हा मी खूप रडले. दुसरा उपाय मला ठाऊक होता, आतली छोटी बॅटरी काढायची, की मशीन सेटअपमधलं सगळंच विसरतं. पण तुम्ही स्वतःच्या हातानं ठेवलेलं तेवढंच तर आत होतं.

आई माझ्यामागे उभी होती. "काढ वं ती बॅटरी," ती म्हणाली. "पोरं जिन्यात ताटकळून राहिले. क्लास बंद पडला तं तुझ्या बाबाले आवडन का?"

मी झाकण उघडलं, बॅटरीची वायर सोडवली, जरा थांबून परत जोडली. या वेळी मशीननं काही न विचारता मला आत घेतलं. तुमचा शब्द गेला होता, तुम्ही भरलेलं सगळंच गेलं होतं. तारखेच्या जागी एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी दिसत होतं. सगळं विसरलं की ते मशीन तिथूनच सुरुवात करायचं. मी त्या तारखेकडे बघत राहिले. त्या दिवशी तुम्ही होतात. मी शाळेत जात होते. कचेरी सुटल्यावर हँडलला भाजीची पिशवी अडकवून तुम्ही सायकलवरून घरी आला असाल, मी दारात उभी असेन.

"झालं का वं?" आईनं विचारलं. मी सांगितलं, मशीनला वेळ लागून राहिला. खरं तर वेळ लागत नव्हता. हे मी तिला कधीच सांगितलं नाही, आणि हे पत्र कुठं जाणार नाही म्हणूनच तुम्हाला सांगते आहे. सेकंद पुढे सरकत होते, मी ते सरकू देत होते. मी खरी तारीख भरली की तुम्ही पुन्हा जाणार होतात.