पुढचा शनिवार कोणाचा?

प्रिय एस्तेरआत्या,

जय ख्रिस्त. तुम्ही गेल्यावर मंडळीतल्या प्रत्येकाने तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलं. मी लिहिलं नाही. सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं, आणि नसताना लिहायची मला सवय नाही. आता आहे. आधी जे घडलं ते क्रमाने देते.

१. तुमच्या अंत्यविधीनंतर शनिवारचा तरुण संघ तुमच्या इंदिरानगरच्या घरातून चर्चच्या मागच्या खोलीत आला.
२. पिकांच्या हंगामाचा सण झाला की शनिवार बंद करायचा, असं मंडळीच्या पंचांनी ठरवलं. त्याऐवजी महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम : बँड, रंगीत दिवे, खेळ, खाणं.
३. सणाच्या रविवारी पाळकसाहेब कळवणहून येताना रस्त्यात अडकले. उपदेशाला कोणी नव्हतं.
४. शीबा बोलली.
५. शनिवार बंद झाला नाही.

आत्या, आपण जिंकलो! उद्गारचिन्ह विचार करून दिलं आहे.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आईने बळेच पाठवलं होतं. मी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासते, चुकीचं दाखवणारा काटा मला सहन होत नाही. तुमच्या सतरंजीच्या अगदी कडेला बसून मी विचारलं होतं, "प्रार्थनेचं उत्तर आलं की नुसता योगायोग झाला, हे ओळखायचं कसं?" मला वाटलं, आता रागवाल किंवा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कराल. तुम्ही चहाचा कप पुढे केलात आणि म्हणालात, "चांगला प्रश्न आहे. प्रश्न तुझा, पुढचा शनिवार तुझा."

हा कसला न्याय? विचारायचं मी आणि शोधायचंही मीच? पण तुमचा नियम तेवढाच होता. ज्याने प्रश्न विचारला त्याने शास्त्र वाचायचं, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलायचं आणि पुढच्या शनिवारी सापडेल ते सगळ्यांसमोर मांडायचं. नाही सापडलं तर तसं सांगायचं. मी पुढच्या शनिवारी आले, कारण तो माझा होता. त्यानंतर येतच राहिले.

तुमच्यामागे हे थॉमसदादांना पटवणं मला जमत नव्हतं. ते पंच आहेत, आणि तुम्ही म्हणायचात तसे मनाने सरळ आहेत.

"रिबेका, पोरं कुठे आहेत?" त्यांनी मला गाठून विचारलं. "पलीकडच्या मंडळीत पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडे माणसांपेक्षा सतरंजीच जास्त दिसते."

"सतरंजी मोठी आहे, दादा."

"विनोद करू नकोस. नुसत्या वाचनाला आजकाल कोण येतं?"

"पावभाजीला बोलावलं तर पावभाजी संपेपर्यंत थांबतील."

"हे आत्याचं वाक्य दिसतंय."

"नाही, माझं आहे. आत्या दर शनिवारी पावभाजी करायच्या."

ते हसले, पण निर्णय बदलला नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा मुलगा सॅम्युएल पुण्याला नोकरीला गेल्यापासून चर्चची पायरी चढलेला नाही, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. दादा गर्दी म्हणत होते, पण त्या गर्दीत त्यांना एकच चेहरा हवा होता. हे कळत असताना वाद कसा घालायचा? तुम्ही असतात तर काय केलं असतं?

आता शीबा. चांदवडची, इथे नर्सिंग शिकते. तुम्ही गेल्यावर आली, म्हणजे तुमची भेट नाही. ड्रम वाजवायला मिळतो म्हणून आली, असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं. मला हा स्पष्टपणा आवडला. बरेच शनिवार ती काही बोलली नाही. मग एकदा वाचन चालू असताना मध्येच म्हणाली, "ताई, गर्दी जमली की येशू निघून का जायचा? सारखं तेच. लोक जमले की हा चालला डोंगरावर. आपले पंच असते तर त्याला धरून बसवलं असतं."

सगळे हसले, आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, पुढचा शनिवार तुझा.

पण पुढचा शनिवार सणाचा आदला दिवस निघाला. केळीचे खांब बांधा, भोपळे मांडा, द्राक्षांचे घोस टांगा, यात संध्याकाळ गेली. शीबा कोथिंबिरीच्या जुड्या लावताना कुरकुरत होती, "मी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारून तयारी केली. माझा शनिवार खाल्ला तुम्ही."

रविवारी चर्च भरलेलं. शीबाची आजी चांदवडहून कांद्याची गोणी घेऊन आली होती. उपासना सुरू झाली आणि पाळकसाहेबांचा फोन आला : गाडी बंद पडली आहे, माझी वाट पाहू नका. दादा माझ्या बाकाशी येऊन कुजबुजले, "दोन गाणी जास्त म्हणू आणि सरळ लिलाव घेऊ."

अर्पण म्हणून आलेल्या भाज्याफळांचा लिलाव म्हणजे सणाचा सगळ्यात मजेचा भाग. लोकांची हरकत नसती. पण मी म्हणाले, "शीबाची तयारी आहे."

"ती ड्रम वाजवते!"

"ड्रम वाजवते आणि तयारीही आहे. तिचा शनिवार राहिलाय."

दादांनी घड्याळ पाहिलं, वेदीकडे पाहिलं आणि मान हलवली. शीबा तशीच उठून गेली, काठ्या हातातच. पहिली दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. दुसऱ्या रांगेतून आजी ओरडली, "मोठ्यानं बोल गं, मागं ऐकू येत नाय! घरी तर लय आवाज असतो!"

मग ती बोलली. तिला जे सापडलं ते थोडकं होतं. येशू गर्दीला कंटाळून जात नव्हता, स्वर्गातल्या बापाशी बोलायला जायचा. परत यायचा तेव्हा समोर घोळका असला तरी त्याला त्यातला एक आंधळा दिसायचा, एक आजारी बाई दिसायची. "आमच्या सिस्टर म्हणतात, वॉर्ड सांभाळायचा नसतो, पेशंट सांभाळायचा असतो. मला वाटतं, ते हेच," शीबा म्हणाली. "पण त्याला हाका मारणारे लोक सोडून जाताना त्याला वाईट वाटायचं का, ते मला सापडलं नाही." आणि ती खाली उतरायला लागली.

तेवढ्यात दादा उभे राहिले. ते विसरले होते की ही उपासना आहे. "पण शीबा, त्या गर्दीला भूक लागते त्याचं काय? तिला तशीच सोडायची?"

मग आमच्या बाकांवरून, कोणी इशारा न करता, एकच आवाज उठला : "प्रश्न तुमचा, पुढचा शनिवार तुमचा!"

आत्या, चर्चचं छप्पर उडायचं बाकी होतं! म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. आजी म्हणाली, "घ्या आता, पंचालाबी गृहपाठ!"

पुढच्या शनिवारी दादा आले. गुडघे धरत सतरंजीवर बसले, चष्मा लावला. म्हणाले, "मला हे सापडलं. तो गर्दीला जेवू घालायचा. पण आधी गवतावर बसवायचा, आणि वाढायला शिष्यांना लावायचा. आपण पोरांना नुसतं बसवतो. त्यांच्या हातात वाढायला काही देत नाही. मी तर त्यांना बसवण्यासाठी दिवेसुद्धा भाड्याने आणायला निघालो होतो." पुढे म्हणाले, "शनिवार चालू राहील. पंचांशी मी बोलतो."

"कोणाशी बोलून तयारी केली, दादा?" शीबाने विचारलं. नियमात ते आहे.

"मोठ्या माणसाशी बोलायचं असतं, माहीत आहे. मी सॅम्युएलला फोन केला. खूप दिवसांनी एवढं बोललो आम्ही." त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "त्याचाही एक प्रश्न आहे म्हणे."

पुढचं वाक्य मी लिहायला नको. तुम्हाला ऐकू आलंच असेल. सॅम्युएल त्याच्या शनिवारी आला, दारात चपला काढल्या आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसला. मी चहाचा कप पुढे केला.

हे बघायला तुम्ही हव्या होतात. असं मी सहसा म्हणत नाही.

तुम्हाला वचन देते : शनिवारी काय वाढायचं ते आम्ही गर्दी बघून ठरवणार नाही. वाचन होईल, प्रश्न होतील, आणि कोणाचाही प्रश्न मी त्याच्याऐवजी सोडवून देणार नाही, कितीही मोह झाला तरी. पावभाजीही राहील. तुमच्यासारखी होत नाही, तेवढं चालवून घ्या.

एक तक्रार मात्र आहे. इतके शनिवार आम्हा सगळ्यांना प्रश्न विचारायला लावलेत, पण स्वतः एकही विचारला नाहीत. तुम्हाला शंका नव्हत्या? की तुम्ही विचारला असतात तर पुढचा शनिवार तुमचा झाला असता, आणि तुम्हाला तो आमच्याकडून घ्यायचा नव्हता?

मला तुमचा एक तरी प्रश्न हवा आहे. येत्या शनिवारी सहाच्या आत कळवा. मग त्याच्या पुढचा शनिवार तुमचा.

तुमची,
रिबेका