दहा नंबरचा पाना

११ जानेवारी

ठरलं. आता गाडी कोणत्याच मिस्त्रीच्या हातात द्यायची नाही. परवा गोंदियाच्या वर्कशॉपवाल्यानं नुसतं ऑइल बदललं, आज बघते तर फिल्टरच्या झाकणाची एक क्लिप गायब. लहान गोष्ट आहे. पण मागच्या वर्षी गावातल्या दुलीचंद मिस्त्रीचीही लहानच होती — "ब्रेक नवे टाकून देल्ले मॅडम, आता बेफिकीर जा." चौथ्या दिवशी चिचगडला लग्नाला जाताना उतारावर नवऱ्यानं, प्रफुल्लनं ब्रेक दाबला, तर पाय सरळ खाली गेला. गाडी सागाच्या झाडावर. मला खरचटलं तेवढंच. त्याच्या मांडीत रॉड. अजून काठी सुटली नाही. शाळेत खुर्चीवर बसून शिकवतो.

मला सलाईन लावता येते, बाळंतपण करता येते. चाक खोलता येणार नाही?

१२ जानेवारी

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस गाडीखाली घुसते का?" त्यांचं समजते. पण प्रफुल्ल? "कायले फालतूचे धंदे करतेस?" म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. मला वाटलं होतं, त्यालाच बरं वाटेल.

१४ जानेवारी

मोबाइलवर एकशेआठ नगांचा सेट पाहिला. लाल डबा, सगळे पाने चकचकीत. खाली चाळीस लोकांनी वाहवा केली आहे — त्यातल्या नऊ जणांची वाक्यं एकसारखी, चुकासुद्धा त्याच. नको. हातात घेऊनच घेईन.

१८ जानेवारी

गोंदियाला गेले. बाजारातल्या हत्यारांच्या दुकानात काउंटरमागे कोण उभा? दुलीचंद!

वाळला आहे. अपघातानंतर मी आठवडी बाजाराच्या दिवशी त्याच्या गॅरेजसमोर उभी राहून जे बोलले ते अख्ख्या दवनीवाड्यानं ऐकलं होतं. "माणूस मारायला निघाला होतास" असंही बोलले. तो हातातलं फडकं चोळत सगळं ऐकून घेत उभा होता. त्यानंतर गाड्या जायच्या बंद झाल्या, दिवाळीआधी शटर पडलं. इथं नोकरीला लागला ते माहीत नव्हतं.

"जयभीम मॅडम. सरचा पाय कसा आहे?"

मी नुसतं फळीवरच्या तशाच लाल डब्याकडे बोट दाखवलं.

"हा नोका घेऊ. एकशेआठ नग आहेत, तुमच्या कामाचे दहा. बाकी डबा भराले." मग स्वतःच लोखंडाच्या दोन तिपाया काढून ठेवल्या. "या घोड्या पयले घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली नोका जाऊ. जॅक बसते."

मालकाचा महागडा माल विकायचा सोडून हा मला दुसरंच काऊन सुचवून राहिला? काही न घेता निघाले.

२० जानेवारी

आमच्या आरोग्य केंद्राच्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला, वीरेंद्रला विचारलं. दुलीचंदचं नाव न घेता. तोही तेच म्हणाला — आधी घोड्या, डबा नाही. "कोणी सांगतलं तुमाले? जानकार दिसते." नाव सांगितलं. तो म्हणाला, "माझी गाडी सोळा वरस त्यानंच पायली."

दोघं एकाच गावचे आहेत. एकमेकांचं सांभाळणारच.

२५ जानेवारी

पुन्हा गेले. दुसरी दोन दुकानं आधी फिरले, मुद्दाम. एकानं जॅक दिला तो तेल गळत होता, "नवा आहे, असाच असतो" म्हणे. शेवटी त्याच काउंटरवर. जॅक, दोन घोड्या, रिंग पान्यांचा लहान जोड, चाकाचा पाना, पकड, पेचकस. जॅक त्यानं माझ्यासमोर तीनदा वरखाली करून दाखवला. मी चौथ्यांदा करायला लावला.

मग त्यानं खालच्या खणातून एक वेगळाच पाना काढला. दहा नंबरचा, रिंगला एका बाजूनं चीर.

"ब्रेकच्या पाइपाले हाच लागते. साध्या पान्यानं नाही त पकडीनं खोललं, का नटाचे कोने मरतेत. मंग कितीबी कसा, तेल पाझरतेच."

"तुमच्याकडे होता का हा?" मी विचारलं. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

"गॅरेज टाकलं तवापासून."

खाली बघून बिल करायला लागला. स्वतःची सफाई देऊन राहिला, दुसरं काय. पाना मात्र घेतला.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि अंगणात गाडी वर घेतली. घोड्या लावल्या, हलवून पाहिल्या, पुन्हा हलवून पाहिल्या. मागचं डावं चाक खोललं. हात काळे, गुडघे मातीचे — पण खोललं! सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. "निंगलं का वो?" म्हणाल्या, आणि हसल्या. प्रफुल्ल डोकं दुखते म्हणून आत जाऊन झोपला.

अपघातानंतर वर्कशॉपवाल्यानं बदललेले जुने पार्ट पोत्यात भरून दिले होते. ते न्हाणीमागं पडून आहेत. नवा पाना जुन्या पाइपाच्या नटावर लावून बघावं, हात बसेल, म्हणून पोतं उपसलं. पाइप सापडला. पण पाना नटावर बसेचना, नुसता फिरे. उजेडात धरून बघितलं. सहाच्या सहा कोने झिजलेले. वर पकडीचे दात उमटलेले, दातांवर दात.

म्हणजे पकडीनंच खोललं होतं. आणि मला सांगतो, गॅरेज टाकलं तवापासून होता!

१ फेब्रुवारी

नटासकट पाइपाचा तुकडा पर्समधून काढून दुलीचंदपुढं काउंटरवर आपटला. म्हटलं, हे काय आहे?

त्यानं उचलला. चष्मा लावला. हळूहळू फिरवून बघितलं.

"हे माझ्या हातचं नाही, मॅडम."

"मग कोणाच्या हातचं?"

त्यानं चष्मा काढून ठेवला. मी आवाज चढवला. मालकानं मान वर केली, गिऱ्हाइकं बघायला लागली. त्यानं तो तुकडा कागदात गुंडाळून, जसा होता तसा, माझ्या हातात दिला.

"घरी विचारा."

२ फेब्रुवारी

विचारलं नाही. दिवसभर प्रफुल्लकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

३ फेब्रुवारी

लसीकरण. चोवीस बाळं. रजिस्टरमध्ये एकाचं नाव दोनदा लिहिलं. माझ्याकडून असं कधी होत नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी त्याच्या चहाजवळ तो नट ठेवला. त्यानं पाहिला. "हे काय आहे?" असं विचारलं नाही. ज्याला माहीत नसते, तो विचारतो.

चहा थंड झाला, तेव्हा बोलला. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्रेक जरा नरम लागत होता. दुलीचंदकडे परत जायचं सोडून यानं व्हिडिओ पाहिला. पाइपातली हवा काढतो म्हणून घरातली पकड घेतली आणि भलताच नट खोलला. तेल आलं, घाबरला, पकडीनंच कसला. अंगणात ब्रेक लागला, म्हणून झालं वाटलं. मी तेव्हा ड्युटीवर होते.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"दवाखान्यात मला शुद्ध येईपर्यंत तू सगळ्यांना त्याचं नाव सांगून मोकळी झाली होतीस."

खरं आहे. तेही खरं आहे. पण वर्षभर, प्रफुल्ल? त्याच्या गॅरेजचं शटर पडलं तरी?

"याशिवाय अजून काही लपवलं आहेस?" मी विचारलं. नाही म्हणाला.

८ फेब्रुवारी

प्रफुल्लला गाडीत बसवून गोंदियाला नेलं. काठी टेकत तो दुकानात शिरला आणि मालकासमोर, गिऱ्हाइकांसमोर सगळं बोलला. मी दुलीचंदची माफी मागितली. गावात चौकातही बोलणार आहे, म्हटलं. दुलीचंद म्हणाला, "मले मालूमच होतं, मॅडम. दुसऱ्या दिवशी भेटाले गेलो, तवा सरनं दवाखान्यातच सांगतलं होतं. हात जोडले — मॅडमले नोका सांगू म्हणे. मी हो म्हटलं होतं."

म्हणजे मी दुलीचंदच्या दारात ओरडत होते, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आणि चार तारखेला प्रफुल्ल मला "नाही" म्हणाला, तेव्हा हे हात जोडणं त्यानं लपवूनच ठेवलं होतं.