टाकी कुठल्या बाजूला होती

तात्या, पाण्याची टाकी रुळांच्या समुद्राकडच्या अंगाला होती, मालधक्क्याकडे नव्हे. एवढंच कळवायचं होतं. त्याला तीस वर्षांवर उशीर झालाय, आणि उशीर का झाला ते सांगायला बसलो तर हा एवढा कागद भरतोय. गेल्या महिन्यात काठेवाडातल्या, तुम्ही नोकरी केलीत त्या बंदरगावातून एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. मुलांना हाताशी घेऊन त्या गावातल्या जुन्या रेल्वेची यादी करतायत, काय उभं आहे आणि काय गेलं. सिग्नलची केबिन आहे म्हणे, पण तिच्यात आता शेळ्या असतात. इंजिन फिरवायच्या टर्नटेबलचा गोल खड्डा आहे, त्यात बाभळी माजल्यात. मिठाची शेड गेली, धक्क्यावर पार पाण्यापर्यंत जाणारे रूळ गेले, आणि टाकी कुठे होती यावर गावात दोन तट पडलेत. "आपके पिताजी यहीं थे ना? कोई पुराना नक्शा है क्या घर में?" मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. बघतो कसला, डोंबल!

नव्वद सालच्या जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे कुवेतला आलात. आई जाऊन वर्ष झालं होतं, गावी एकटे काय करणार म्हणून ही हट्टानं घेऊन आली. बनेद अल-गारचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभे राहिलात आणि विचारलंत, "बंदर दिसतंय, मग रूळ कुठायत?" या देशात रेल्वेच नाही म्हटल्यावर तुमचा विश्वास बसेना. "होय तर! बंदर आहे आणि गाडी नाही? मग माल काय ह्यांचे शेख डोक्यावरून नेतात?" ही एवढी हसली, की दूध उतू गेलं. मीही हसलो. माझं तेव्हा झकास चाललं होतं. एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, तेलाच्या पाइपांचे नकाशे काढायचो, आणि शुक्रवारी सुट्टीला आमच्याकडे जाब्रियातल्या इस्पितळातली मराठी मंडळी जेवायला यायची. डॉक्टर, त्यांच्या बायका, एक भूलतज्ज्ञ. त्या मंडळींत आपण बसतो याचं मला केवढं अप्रूप होतं ते आज सांगताना कानशिलं तापतात.

अशाच एका शुक्रवारी, तुमच्या हातात बटाटेवड्याची बशी होती, डॉक्टरांनी सहज विचारलं, "काका, तुम्ही रेल्वेत कशावर होतात?" तुम्ही घास गिळेपर्यंत मी बोलून मोकळा झालो. "स्टेशन मास्तर होते." तोंडातून शब्द गेला तो गेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग बशीकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "छोटं स्टेशन हो आमचं." बस. संध्याकाळभर डॉक्टर तुम्हाला मास्तरसाहेब म्हणत राहिले आणि तुम्ही ओ देत राहिलात. पाहुणे गेल्यावर तुम्ही मोरीत हात धूत होतात, मी मागे टॉवेल घेऊन उभा. तुम्ही वळून न बघता म्हणालात, "आमचा मास्तर माणूस चांगला होता. पण गाडी यायची तेव्हा तो आत असायचा. बाहेर पावसात रुळांचे सांधे बदलायला मीच." आणि टॉवेल घेतलात. एवढीच तुमची बोलणी. तुम्ही दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

ऑगस्टात इराकचं सैन्य आलं आणि सगळंच ठप्प झालं. ऑफिस बंद, बँका बंद, पावासाठी रांगा. मी घरातल्या घरात चिडचिडत फिरायचो आणि तुम्ही म्हणायचात, "अरे मेल्या, बस की एका जागी. लाइन क्लिअर मिळेपर्यंत गाडीनं काय करायचं असतं?" मग एक दिवस तुम्ही माझ्याकडे मोठा कागद मागितलात. आपल्या यार्डाचा नकाशा काढतो म्हणालात. मी ऑफिसचा एक जाड कागद, पट्टी आणि पेन्सिली दिल्या, आणि जेवणाच्या टेबलावर तुम्ही आठ-दहा दिवस बसलात. मापं सगळी पावलांत. केबिनपासून पहिल्या सांध्यापर्यंत एकशे चाळीस पावलं, टर्नटेबलचा गोल चालून जायला अमुक, टाकीचे लोखंडी पाय सहा. मी शेजारी बसून शहाणपण शिकवायचो. जे उभं आहे ते सलग रेघेनं काढा, जे पाडलंय ते तुटक रेघेनं, आमच्यात तशी पद्धत असते. तुम्ही मिठाची शेड तुटक काढून पाहिलीत, खोडलीत, आणि सलग काढलीत. "तुटक काढलं की वाटतं कधी नव्हतंच." मी वाद घातला नाही. खरं सांगू, ते दिवस भीतीचे होते, पण तुमच्याजवळ बसून पेन्सिलीला टोक करून देण्यात मला फार बरं वाटत होतं.

नकाशा पुरा झाला तेव्हा मीच म्हणालो, तात्या, उजव्या कोपऱ्यात चौकट आखा, तिच्यात नकाशा काढणाऱ्याचं नाव आणि हुद्दा घालतात. तुम्ही चौकट आखलीत. नाव घातलंत. आणि खाली मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलंत: सांधेवाला. मी ते वाचलं आणि आधी दाराकडे पाहिलं, कारण आदल्याच दिवशी डॉक्टर पीठ द्यायला येऊन गेले होते, अर्धा नकाशा पाहून खुळावले होते, आणि पुरा झाला की बघायला येतो म्हणाले होते. "हुद्दा खोडू या का?" असं विचारायला मी तोंड उघडलं. तुम्ही कागदावरचा रबराचा भुगा फुंकत होतात. मला विचारवेना. तुम्ही दुपारी आडवे झाल्यावर मी नकाशाची घडी केली आणि स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर अंथरलेल्या प्लास्टिकखाली सरकवून वर बरण्या ठेवल्या. तुम्हाला सांगितलं, जपून ठेवलाय. डॉक्टरांना सांगितलं, बंदराचा नकाशा घरात सापडला तर सैनिक धरून नेतील, म्हणून दडवलाय. डॉक्टर म्हणाले, शहाणपणा केलात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर नुसता पूर आला होता चांदण्याचा.

सप्टेंबरात मायदेशी परतायला आपला नंबर लागला. माणशी एक बॅग, बसरा, बगदाद आणि पुढे अम्मानपर्यंत बस. जिना उतरताना तुम्ही विचारलंत, "नकाशा घेतलास ना?" मी हो म्हणालो. जॉर्डनच्या सीमेवर सैनिकांनी बॅगा उघडल्या, कपडे उलटेपालटे केले आणि परत दिल्या. बसमध्ये बसल्यावर मी तुम्हाला म्हणालो, "तात्या, नकाशा काढून घेतला त्यांनी. बंदराचा म्हणून." तुम्ही आधी बॅगेचा पट्टा आवळलात. मग एकदम मांडीवर थाप मारलीत. "म्हणजे त्यांना खरं वाटलं! माझं यार्ड बघून पलटण घाबरली!" शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगितलंत, मागच्याला सांगितलंत, आणि गावी गेल्यावर तर अख्ख्या वाडीला. इराकच्या फौजेनं जप्त केलेला नकाशा! आल्यागेल्याला तुम्ही ती गोष्ट रंगवून सांगायचात आणि शेवटी "विचारा ह्याला" म्हणून माझ्याकडे बोट करायचात. मी मान डोलवायचो. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

पुढच्या साली युद्ध संपलं आणि मी एकटाच नोकरीवर परतलो. तेलविहिरींचा धूर अजून होता, दुपारीही दिवा लावावा लागे. आपलं घर पार लुटलेलं. शेगडी नेली, एसी नेले, नळसुद्धा उपटून नेले. मसाल्याच्या फळीवरचं फाटकं प्लास्टिक मात्र कोण नेणार? तुमचा नकाशा त्याच्याखाली होता, हळदीचा एक डाग सोडला तर जसाच्या तसा. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून रडलो. आणि मग हिचं पत्र आलं. लिहिलं होतं, "तात्या रोज कागद घेऊन बसतात. नकाशा पुन्हा काढायचा म्हणतात, पण आता डोकं साथ देत नाही. पाण्याची टाकी कुठल्या बाजूला होती ते काही केल्या आठवत नाही. चिडतात, कागद फाडतात. तुम्हाला आठवतंय का, विचारायला सांगितलंय." पत्र टेबलावर होतं आणि शेजारी नकाशा उघडा होता. टाकी दिसत होती, सहाही पाय दिसत होते. बाजू सांगितली असती, तर तुम्ही पुढे शेडचं विचारलं असतंत, मग सांध्यांचं, आणि एवढं याला पावलागणिक कसं ठाऊक हे तुमच्या ध्यानात आलं असतं. खोटं उघडं पडायला नको, म्हणून मी लिहिलं, "मला आठवत नाही." वर्ष संपायच्या आत तुम्ही गेलात. ही सांगते, शेवटच्या आठवड्यात तुम्ही बोटानं चादरीवर रेघा ओढायचात आणि एका जागी येऊन थांबायचात.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, हिलाही नाही. तुमच्या पणतीनं परवा माझ्या हातात नकाशा पाहिला आणि म्हणाली, "वॉव आबा, हे कुणी काढलं?" मी म्हणालो, माझ्या वडिलांनी. "आर्किटेक्ट होते का?" मी नकाशाची घडी घातली, आणि ती तोवर फोनकडे वळलीही होती.

शाळेच्या बाईंना काल मी फोटो पाठवला. त्यांचा आज निरोप आला, मुलं नाचतायत, टाकीचा पाया सापडला, बरोबर समुद्राकडे. आणि विचारलंय, कोपऱ्यात नाव दिसत नाही, काढणाऱ्याचा हुद्दा काय लिहायचा? तात्या, माझं वय आता तुम्ही कुवेतला आलात तेव्हाच्या तुमच्या वयाहून जास्त आहे. आमचे ते डॉक्टर केव्हाच वारले. आता मला विचारणारं, हसणारं कुणी उरलेलं नाही. तरी फोटो काढताना मी तो कोपरा आत दुमडला होता.