अठरा सेकंद

सॅन दिएगो,
९ फेब्रुवारी १९८१

डॉ. हॅच यांस,

पत्र पोचलं. प्रकृती ठीक आहे; तुमच्या समुपदेशन केंद्रातून निवृत्त झाल्यापासून गुडघे आणि जीभ दोन्ही कुरकुरतात. 'डॉक्टर नको, नुसतं लोवेल म्हणा,' असं तुम्ही अकरा वर्षं सांगत होतात. शाळेत ननांनी घडवलेल्या माझ्या जिभेला ते जमलं नाही. आता नकोच.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, नोरीनच्या, तुमच्यासोबतच्या १९७४ मधल्या भेटीची टेप तुम्हाला नव्या पुस्तकात छापायची आहे, 'ऐकण्याचा आदर्श' म्हणून. ती हयात नाही, म्हणून माझी सही हवी. सोबत उतारा जोडायची गरज नव्हती. टाइप मीच केला होता.

नोरीन: छातीत गाठ लागतेय. दवाखान्यात जाऊ का? तुम्हीच सांगा ना.
तुम्ही: तुम्ही घाबरलाय, आणि दुसऱ्या कुणीतरी ठरवावं असं तुम्हाला वाटतंय.
(शांतता, अठरा सेकंद.)
नोरीन: हो. बहुतेक तसंच.

उत्तर ज्याच्या त्याच्या आतच असतं, सल्ला दिला की ते गुदमरतं, ही तुमची श्रद्धा. आमच्या सिस्टर अलॉयशियाचीही पुष्कळ गोष्टींवर श्रद्धा होती, पण वर्गात कुणाचा घोळणा फुटला तर ती आधी रुमाल शोधायची.

नोरीन सात महिने आत उत्तर शोधत राहिली. गाठीला तेवढा धीर नव्हता.

आता राहिलेलं लिहिते. टेपवर नाव नव्हतं, आकडा होता. आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा केंद्राचा नियम मी पाळला. दर रविवारी ती माझ्याकडे जेवायला यायची. मी बटाटे वाढायचे आणि तिने आपणहून सांगावं म्हणून थांबायचे. ते थांबणं तुमच्याकडूनच शिकले होते.

इस्पितळात ती म्हणाली, "विने, टेपा तूच टाइप करतेस हे मला ठाऊक होतं. म्हटलं, तू तरी येऊन ओरडशील, हाताला धरून नेशील. एरवी ओरडायला तुला निमित्त तरी लागतं का गं?"

यावर मी काय म्हणाले असेन? "तुला माझा राग आलाय."

ती हसली. "घ्या. तूही लोवेलच झालीस."

सही करून कागद पाठवते आहे. अट एकच. अठरा सेकंदांची ओळ छापाल, त्याखाली आणखी एक छापा:

(शांतता, सात महिने. टंकलेखिकेची.)

ती गाळलीत तर सही रद्द समजा.

क्षमा मागत नाही, देतही नाही.

नोरीनची बहीण,
विनिफ्रेड टियर्नी